जाळ नको, धग हवी

गेल्या वर्षीच्या आषाढातली ही गोष्ट. लालबागची आमची चाळ रिकामी व्हायला लागली होती. पुनर्विकासाचे कागद झाले, निम्म्या खोल्यांना कुलपं लागली, आणि उरलेली बिऱ्हाडं गणपती आटोपले की भाड्याच्या जागेत जायची होती. म्हणजे या चौकातली ही शेवटचीच गटारी! चाळीतल्या पोरांनी ठरवलं, जाता जाता सगळ्यांनी एकदा एकत्र जेवायचं. माणशी अडीचशे रुपये वर्गणी निघाली. माझं माहेर याच चाळीतलं. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, तरी तिथल्या पोरांची मी अजून 'आत्या'च. त्यामुळे मलाही बोलावणं आलं, आणि बोलावण्याबरोबर साठ माणसांच्या रश्शाचं वाटणही आलं.

मटणाचा रस्सा, भाकरी, भात आणि माळकऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ, एवढं आम्हा बायकांकडे होतं. पोरांनी आपल्याकडे एकच पदार्थ घेतला, पण तोच सगळ्यांत भारी! कोळशाच्या ग्रिलवर बकऱ्याच्या अख्ख्या तंगड्या. खाटीक ज्याला 'रान' म्हणतो ती मागची मांडी, अशा तीन. सगळं मिळून पाच किलोच्या आसपास वजन. तेव्हाच्या भावाने चार हजारांचं मटण! ग्रिल नवंकोरं, तीन फूट लांब, पायावर उभं राहणारं, पण झाकण नसलेलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरांनी तयारी मात्र छान केली होती. मांसाला हाडापर्यंत चिरा दिल्या होत्या. दही, आलं-लसूण आणि मसाला गल्लीतून ताजा दळून आणलेला मसाला लावून तंगड्या रात्रभर फ्रिजमध्ये मुरत ठेवल्या होत्या. आम्ही बायका मनातल्या मनात म्हटलं, चला, पोरं शिकली काहीतरी!

संध्याकाळी सहाला कोळसे पेटले. पोरांनी ग्रिल या टोकापासून त्या टोकापर्यंत निखाऱ्यांनी गच्च भरलं आणि जाळीवर तिन्ही तंगड्या ठेवल्या. पहिली दहा मिनिटं काय तो वास! तिसऱ्या मजल्यावरून माणसं वाकून बघायला लागली. मग चरबी वितळून खाली ठिबकली आणि निखाऱ्यांनी भडका घेतला. पोरांनी पाणी मारलं, तशी राख उडून मटणावर बसली. पुन्हा भडका, पुन्हा पाणी. सव्वासातला तंगड्या बाहेरून डांबरासारख्या काळ्या झाल्या होत्या. एकाने सुरी घालून बघितलं, तर बोटभर आत मांस गुलाबी, आणि हाडाजवळ चक्क कच्चं, थंडगार!

'आत्या, आतून असंच असतं. फॉरेनला असंच खातात,' एक जण म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता. समोर खुर्चीवर चाळीतली एक सातव्या महिन्याची सून बसली होती. पाच-सहा लहान पोरं ताटल्या घेऊन घिरट्या घालत होती. मी म्हटलं, 'फॉरेनचं राहू दे. हे मी कुणाच्या पानात वाढू देणार नाही.' पोरं गप्प झाली. वर्गणी सगळ्यांची. त्यात पेन्शनवर जगणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचीही होती.

तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. एकाला कल्पना सुचली. तळमजल्यावरची एक खोली रिकामी होती. ग्रिल तिथे न्यायचं, दार-खिडकी लावून घ्यायची. पाऊस नाही, वारा नाही, आत ऊब धरेल आणि मटण लवकर शिजेल! दोघांनी ग्रिलचे पाय धरलेसुद्धा.

'आरं ए! मरायचं हाय का?'

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. आवाज मावशींचा. वय अठ्ठ्याहत्तर, मूळ गाव साताऱ्याकडचं, गळ्यात तुळशीची माळ. कठड्याला धरून धरून त्या खाली आल्या आणि ग्रिलसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, एका पावसाळ्यात त्यांच्याच मजल्यावर दोघा गिरणी कामगारांनी ओले कपडे सुकवायला पेटती शेगडी खोलीत घेतली आणि दार लावून झोपले. सकाळी दोघं उठेनात. दार फोडलं म्हणून वाचले. 'इस्तू दिसतो, धूर दिसतो, पर ज्यो मारतो त्यो दिसत न्हाय,' मावशी म्हणाल्या.

मावशींना न दिसणारा तो मारेकरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. निखारा लालबुंद असो की राखेखाली धुमसत असो, हा वायू निघतच असतो. उघड्यावर तो विरून जातो, बंद खोलीत साठतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. तेव्हा मैत्रिणींनो, या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, पण पेटता कोळसा घरात घ्यायचा नाही, एवढं लक्षात ठेवा. बंद गॅलरीत नाही, गॅरेजमध्ये नाही, थंडी वाजते म्हणून शेकायलासुद्धा नाही.

शेवटी ग्रिल चौकातल्या चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली नेलं. आता पुढे काय?

मावशी म्हणाल्या, 'मी हात लावनार न्हाय. माझी माळ हाय. पर सांगते तसं करा.'

मावशींचा हुकूम

पहिला हुकूम: तंगड्या खाली काढा आणि वरचा जळका थर सुरीने खरवडून टाका.

दुसरा हुकूम: निम्मे निखारे चिमट्याने उचला. कुठे ठेवायचे? मावशींनी जिन्याखाली बोट दाखवलं. तिथे त्यांची जुनी बादलीची शेगडी भंगारवाल्यासाठी काढून ठेवलेली होती. नव्या जागेत शेगडीला जागा नाही, असं मुलाने सांगितल्यावर त्यांनीच ती खाली आणून ठेवली होती. पत्र्याची बादली, आतून मातीचं लिंपण, मध्ये जाळी, खाली वाऱ्याला तोंड. माझ्या वयाच्या बायकांनी आईच्या नाहीतर आजीच्या घरी ती पाहिलेली असेल. निम्मे निखारे शेगडीत गेले, वर थोडे नवे कोळसे पडले.

तिसरा हुकूम: ग्रिलमध्ये उरलेले निखारे दोन्ही टोकांना सारा. मधली जागा पूर्ण रिकामी ठेवा. त्या रिकाम्या जागेत स्टीलची परात ठेवा आणि तिच्यात दोन तांबे पाणी ओता.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मटणाखाली निखारेच ठेवायचे नाहीत, तर शिजणार कसं?

मावशी म्हणाल्या, 'आरं, जाळ येगळा आन् धग येगळी. जाळानं मटान जळतं. धगीनं शिजतं.'

चौथा हुकूम: पंगतीसाठी आणलेल्या केळीच्या पानांतली दोन-दोन पानं एकेका तंगडीला गुंडाळा, ओल्या सुतळीने बांधा आणि बरोबर परातीच्या वर, जाळीच्या मधोमध ठेवा. 'काळं झालंय त्ये आनखी काळं नगं व्हायला.'

पाचवा हुकूम झाकणाचा. नवीन ग्रिलला झाकण नव्हतं, पण मावशींच्या खाटेखाली खानावळीच्या काळातली दोन फुटांची लोखंडी कढई होती. मटणाची कढई. माळ घातल्यापासून ती तशीच पडून होती. पोरांनी ती आणली, घासली आणि तंगड्यांवर पालथी घातली. कढईचं पोट मटणावर, कड दोन्हीकडच्या निखाऱ्यांच्या वर. एका बाजूला कडेखाली विटेचा तुकडा सरकवून दोन बोटं फट ठेवली, धूर बाहेर जायला आणि निखाऱ्यांना वारा मिळायला.

सहावा हुकूम पाळायला सर्वांत कठीण गेला. झाकण उघडायचं नाही! 'झाकन उघडलं की वाफ ग्येली, वाफ ग्येली की येळ ग्येला.' अर्ध्या तासाने एकदाच कढई जराशी कलती करायची, शेगडीतले पाच-सहा फुललेले निखारे प्रत्येक बाजूला टाकायचे आणि पुन्हा झाकायचं. कच्चा कोळसा थेट ग्रिलमध्ये टाकायचा नाही, कारण तो पेटताना आधी धूर ओकतो आणि तो धूर मटणाला लागतो. शेगडीत फुलवलेला, वर पांढुरकी राख धरलेला निखाराच टाकायचा.

आणि आच बरोबर आहे की नाही, हे कसं कळायचं? थर्मामीटर कुणाकडेच नव्हता. मावशींनी एका पोराला, जिथे मटण ठेवायचं होतं तिथे, जाळीच्या वर वीतभर उंचीवर तळहात धरायला लावला आणि आकडे म्हणायला सांगितले. 'धा म्हनायच्या आत हात वढून घ्यावा लागला तर जाळ हाय. धापत्तोर टिकला तर धग.' टोकाला निखाऱ्यांवर धरला तर त्याचा हात दोनलाच मागे आला. मध्ये मात्र नवापर्यंत टिकला. 'चालंल,' मावशी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

दहा बाय दहाची शाळा

आता दोन तास वाट बघायची होती. पोरांनी विचारलं, आजी, हे तुम्ही कुठे शिकलात? मावशी म्हणाल्या, 'खानावळीत. आनखी कुटं?'

गिरणगावाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी या भागात एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजायचे. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार बायका-मुलांना गावी ठेवून इथे एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे. त्यांना दोन वेळचं गरम जेवण घालणाऱ्या चाळीतल्या बायका म्हणजे खानावळवाल्या. दहा बाय दहाच्या खोलीत संसारही तिथेच आणि वीस-पंचवीस माणसांची पंगतही तिथेच. महिनाभर उधारीने धान्य भरायचं, पगार झाला की कामगार पैसे देणार, तोवर सावकाराचं व्याज. या बायकांची ही कोंडी ओळखून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्यांना बँकेच्या कर्जाची दारं उघडून दिली. ज्यांच्याकडे तारण ठेवायला एक दागिनासुद्धा नव्हता, त्यांना पत मिळाली ती रांधण्याच्या हुन्नरावर!

मावशी १९६८ मध्ये लग्न होऊन या चाळीत आल्या. पगारानंतरच्या रविवारी खानावळीत मटण असायचं. बावीस माणसांना पुरेल एवढं मटण, आणि तेही स्वस्तातलं, जून, हाडाळ. ते जाळावर रटरटवलं तर चामड्यासारखं व्हायचं. शिवाय रात्रपाळीवाले सकाळी सुटून आले की त्यांना गरम लागायचं. म्हणून मावशी शनिवारी रात्री शेगडी गॅलरीत काढायच्या. शेगडीवर आधी जाड तवा, तव्यावर मटणाची कढई, कढईवर झाकण, झाकणावर चार निखारे. शेगडीच्या पोटातल्या निखाऱ्यांवर राख लोटायची आणि खालचं तोंड विटेने अर्धं बंद करायचं. अधूनमधून उठून निखारा बघायचा. सकाळी मांस हाडावरून आपोआप सुटलेलं असायचं.

'झोप कधी घ्यायचात?' मी विचारलं. मावशी नुसत्या हसल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. महिने उलटले, कामगार गावाकडे परतले आणि त्यांच्याबरोबर खानावळीही बसल्या. मावशींच्या वहीत सतरा जणांची बाकी होती. ती वही त्यांनी बरीच वर्षं जपून ठेवली होती. वसुलीसाठी नव्हे. 'सतरा जनांची नावं हायेत त्यात. माझ्या हातचं जेवलेली,' त्या म्हणाल्या.

असं का होतं?

घरी आल्यावर मी यावर थोडं वाचलं. मावशींच्या प्रत्येक हुकमामागे शास्त्र आहे!

निखारा कित्येक शे अंश तापलेला असतो आणि त्याची आच सरळ रेषेत समोरच्या वस्तूवर आदळते. मांस मात्र उष्णता आत पोचवायला फार आळशी. म्हणून जाड तंगडी निखाऱ्यांवर ठेवली की वरची कातडी काही मिनिटांत करपते आणि आतला गर थंडच राहतो. त्यातून मांडी म्हणजे जनावराचा खूप राबणारा अवयव. तिथे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट पडदे असतात. हे पडदे विरघळून मऊ, चिकटसर व्हायला सत्तर-ऐंशी अंशांच्या वर तापमान लागतं, पण नुसतं तापमान पुरत नाही, वेळही लागतो. घाई केली तर चिवटच राहतात. पाया किंवा नळी शिजवणारीला हे सांगायला नको.

निखारे बाजूला केले आणि वर झाकण घातलं की सरळ आच लागत नाही. गरम हवा झाकणाखाली फिरत राहते आणि मांस चारी बाजूंनी सारखं तापतं. म्हणजे आपल्या ओव्हनसारखंच! परातीतलं पाणी दोन कामं करतं. वरून ठिबकणारी चरबी झेलतं, त्यामुळे भडका उडत नाही. शिवाय पाणी कितीही तापलं तरी उकळून शंभर अंशांवर थांबतं, त्यामुळे मधली जागा भलतीच तापत नाही. चरबी निखाऱ्यांवर जळून जो काळा धूर होतो, त्यात शरीराला घातक द्रव्यं असतात. म्हणून तो काळा थर खरवडून टाकायला लावला तेही योग्यच.

आणि खरं सांगायचं तर हे आपल्याला अगदीच नवीन नाही. बिर्याणीला दम देताना आपण पातेल्याखाली तवा सरकवतो ना? तेच हे! गिरगाव-ठाकूरद्वारच्या पाठारे प्रभूंच्या घरांत ओव्हन यायच्या आधीपासून भानोळं व्हायचं ते खाली निखारे आणि वर झाकणावर निखारे ठेवून. रायगडात थंडीत पोपटी लावतात. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरायची, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. जाळ मडक्याला लागतो, आतल्या जिनसांना लागते ती फक्त धग. अमेरिकेच्या दक्षिणेत डुकराचं मांस असंच तासन् तास मंद आचेवर ठेवतात, तर न्यूझीलंडचे माओरी लोक जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर शिजवतात.

थेट निखाऱ्यांवर काहीच करू नये, असं मात्र नाही. लहान, पातळ तुकडे थेट आचेवरच छान होतात. विरार-आगाशीचं भुजिंग म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेले कोंबडीचे तुकडे आणि पोहे. तिथे जाळीवर थेट भाजणंच बरोबर. जाड आणि हाडासकट असेल, तेव्हा धग हवी.

तुमच्या अंगणात करायचं तर

गावात, तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या मैत्रिणींना अंगण आहे, म्हणजे त्या आम्हा मुंबईकरणींपेक्षा श्रीमंत! ग्रिलसुद्धा विकत आणायला नको. कोरड्या विटांचे दोन थर चौकोनात रचा, वारा यायला खाली एका बाजूला फट ठेवा आणि वर लोखंडी जाळी टाका. वीट ओली नको, तापल्यावर फुटून उडू शकते.

दीड-पावणेदोन किलोच्या तंगडीला दीड वाटी दही, दोन चमचे आलं-लसूण वाटण, आपल्या घरचा मसाला आणि मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कच्ची पपई घालायची तर एखादा चमचाच, आणि तीही शेवटच्या दोन तासांत. जास्त झाली तर मांस पिठूळ होतं. फ्रिजमधून काढल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने चुलीवर चढवा. निखारे दोन्हीकडे, मध्ये पाण्याची परात, वर केळीच्या पानातली तंगडी, त्यावर जड झाकण. सुरुवातीपासून असं केलं तर अडीच ते तीन तास लागतात. परातीतलं पाणी आटलं तर कडेने गरम पाणी घाला. दोन तासांनंतर जाड सुई हाडापर्यंत खुपसून बघा. लोण्यात जावी तशी गेली आणि बाहेर येणारा रस लाल नसला, की झालं. मग पान काढा, तुपाचा हात लावा आणि पाच मिनिटं निखाऱ्यांच्या बाजूला सरकवून रंग येऊ द्या. उतरवल्यावर पंधरा मिनिटं झाकून ठेवा, लगेच कापलं तर रस ताटात वाहून जातो. अख्खी कोंबडी असेल तर दीड तास धरा, पण ती हाडाजवळ जराही गुलाबी राहता कामा नये. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश बघून घ्या.

झाकण आणि परात निवडताना काळजी घ्या. लोखंड किंवा स्टील चालेल. जस्ताचा मुलामा दिलेला बादली-घमेल्यासारखा पत्रा, रंगाचे जुने डबे असलं काही वापरू नका, तापल्यावर त्यातून विषारी वाफा निघतात. घासलेट ओतून कोळसा पेटवू नका. लहान मुलांना दोन हात लांब ठेवा. बादलीभर पाणी आणि वाळू जवळ असू द्या. जेवण झालं की निखाऱ्यांवर पाणी मारून, ढवळून, पुन्हा पाणी मारा. राखेखाली जिवंत राहिलेला निखारा कचऱ्याच्या ढिगात आग लावतो.

बचत गटातल्या मैत्रिणींना एक वेगळं सांगायचं आहे. याचा धंदा करायचा विचार असेल, तर कोळसा आणण्याआधी नगरपालिकेत चौकशी करा. मुंबईत हवेच्या प्रदूषणामुळे जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि तशा व्यवसायांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. घरच्या एखाद्या दिवसाची गोष्ट वेगळी, रोजच्या भट्टीची वेगळी. गॅसवर करायचं तर मावशींचा तवा आहेच. मोठी शेगडी बारीक, तिच्यावर जाड तवा, त्यावर बुडाला जाड असलेलं पातेलं आणि घट्ट झाकण. धुराचा वास येणार नाही, पण मांस हाडावरून सुटेल, याची खात्री मी देते. करून बघितलंय.

आणि त्या रात्री?

नऊला पंगत बसली. रस्सा-भाकरी झाली. पावणेदहाला मावशींनी नुसत्या वासावरून सांगितलं, 'झालं. काढा.' वीस वर्षं मटण तोंडात न घातलेली बाई! पोरांनी कढई उचलली. पानं सुकून तपकिरी झाली होती. सुतळी सोडली, सुई घातली, ती न अडखळता हाडाला टेकली. निम्मं मांस खरवडण्यात गेल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दोनच घास आले, पण ते शिजलेले दोन घास होते. सातव्या महिन्याच्या सुनेलाही मी निर्धास्त वाढलं. मावशींनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि भाकरी खाल्ली.

गणपतीनंतर चाळ रिकामी झाली. मावशी मुलाबरोबर डोंबिवलीला गेल्या. शेगडी भंगारात गेली नाही. ज्याचं ग्रिल होतं तो पोरगा ती घेऊन गेला, आणि लोखंडी कढईसुद्धा मावशींनी त्यालाच दिली.

डिसेंबरात त्याचा मला फोन आला. मित्रांना जेवायला बोलावलं होतं. 'आत्या, तीन किलोला शेगडीत किती कोळसे फुलवून ठेवू?'

मी म्हटलं, 'मला काय विचारतोस? मावशींना फोन लाव. त्या वाटच बघत असतील.'